बोट ठेवण्याआधी

बाळा, नवी नोकरी, नवं घर, नवं सिमकार्ड, सगळं एकदमच आलंय तुझ्यामागे. आता जिथे जाशील तिथे कुणीतरी म्हणेल, इथे बोट ठेवा, इकडे बघा, डोळे मिटू नका. आपल्या वरसाव्यात खाडीत रेती काढलेल्या म्हाताऱ्यांपासून घोडबंदर रोडच्या टॉवरमधल्या साहेबांपर्यंत कुणाची यातून सुटका नाही. म्हणून हे चार शब्द लिहून ठेवतेय. हसू आलं तर हस, पण शेवटपर्यंत वाच. तुझी सवय मला ठाऊक आहे, अर्ध्यावर सोडतोस आणि मग फोन करतोस.

१. मशीन कुठलंही असो, ते दोनपैकी एकच प्रश्न विचारतं: 'तू तोच का?' किंवा 'हा कोण?' बोट ठेवण्याआधी कुठला प्रश्न चाललाय तो ओळख — पहिल्यात तुझा ठसा तुझ्याच जुन्या ठशाशी ताडतात, दुसऱ्यात तो सगळ्या गावाच्या ठशांत शोधतात, आणि भलत्याचं नाव निघतं ते बहुतेक या दुसऱ्यात.

२. आधी आधार नंबर आणि मग बोट मागितलं, तर समज पहिला प्रश्न चाललाय. रेशन, पेन्शन, बँकेचा अंगठा, सिमकार्ड हे सगळं यातलं.

३. नंबर न विचारता नुसता चेहरा किंवा बोट घेऊन मशीन तुझं नाव सांगत असेल, तर दुसरा प्रश्न. सोसायटीचं गेट, ऑफिसची हजेरी, रस्त्यावरचा चेहरा ओळखणारा कॅमेरा, पोलिसांचा ठशांचा साठा — इथे तुझी माहिती आधीच कुणाच्या तरी कपाटात आहे, हे लक्षात ठेव.

४. साध्या पडताळणीला आधारकडून 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर जातं; 'ई-केवायसी' म्हटलं की नाव, पत्ता, फोटोही जातो. समोरच्याला सरळ विचार, 'यातलं काय करताय?' — विचारल्यानं मान खाली जात नाही, न विचारल्यानं खातं खाली होतं.

५. मशीन तुझ्या बोटाचं चित्र न्याहाळत बसत नाही. रेष कुठे थांबते, कुठे फुटून दोन होतात, अशा जागा ते टिपतं आणि त्यांचा मेळ जुळवतं — म्हणून बोटाचं टोक टेकवू नकोस, पेर सपाट ठेव.

हे सगळं कुठून सुरू झालं, ते थोडक्यात सांगते. गुन्हेगारांच्या ठशांचं जगातलं पहिलं दफ्तर १८९७ साली कोलकात्यात उघडलं, आणि ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांचा मोठा हात होता. नाव मात्र झालं एडवर्ड हेन्री या साहेबाचं. आधारची सुरुवात तर आपल्याच राज्यातली: २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिलं आधार दिलं गेलं. दहा बोटं, दोन बुबुळं आणि चेहरा, एवढं तिथे घेतलं आणि तेवढंच आजही घेतात. पूर्वी अडाणी माणसाला अंगठेबहाद्दर म्हणून हिणवायचे. आता पदवीधर रांगेत उभा राहून अंगठा पुसतो.

६. आधार काढताना किंवा दुरुस्त करताना केंद्रातल्या पोराला म्हण, 'स्क्रीन माझ्याकडे फिरव.' नाव, जन्मतारीख, पत्ता मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे वाचल्याशिवाय शेवटचं बोट ठेवू नकोस — तुझ्या शेवटच्या ठशानं त्याची चूकही तुझ्या नावावर मंजूर होते.

७. पत्त्यात 'वरसावे, घोडबंदर, मीरा-भाईंदर, जिल्हा ठाणे' असं पूर्ण लिहून घे. खाडीवरच्या वर्सोवा पुलाच्या नावामुळे आणि नकाशांमुळे आपलं गाव 'वर्सोवा' होऊन बसतं — मग तुझी पत्रं अंधेरीच्या वर्सोव्याला समुद्रावर फिरायला जातात.

८. पावती जपून ठेव. तिच्यावरच्या नोंदणी क्रमांकावरच पुढची सगळी चौकशी होते.

९. मोबाइल नंबर तुझाच जोड, मित्राचा नाही, दुकानदाराचा तर नाहीच. घरच्या म्हाताऱ्यांच्या आधारला त्यांचा स्वतःचा नंबर हवा — ज्याच्या हातात ओटीपी, त्याच्या हातात आधार.

आता झिजल्या बोटांचं. हे मी जरा सावकाश सांगणार आहे, कारण आपल्या भागात हे दुखणं घरोघरी आहे. भाईंदरच्या मिठागरात राबलेले, वीटभट्टीवर विटा थापलेल्या पाड्यांवरच्या बाया, हायवेच्या हॉटेलांत रोज भांडी घासणारी मुलं, मासळी साफ करणाऱ्या आपल्या कोळणी. या सगळ्यांच्या बोटांवरच्या रेषा कामानं पुसट होतात. मग दुकानात मशीन लाल होतं, मागची रांग चुळबुळते, आणि उभं आयुष्य कष्ट केलेली बाई स्वतःच शरमते.

१०. बोट उमटलं नाही तर आधी हात धू आणि कोरडे कर. तरी नाही तर बोट कपाळावर हलकं घासून पुन्हा ठेव. हसू नकोस, रेशनच्या रांगेतला हा जुना उपाय आहे — कोरड्या पडलेल्या कातडीला कपाळाचं किंचित तेल लागतं आणि रेषा उठतात.

११. अंगठ्याचाच हट्ट धरू नकोस, दहाही बोटं लावून बघ. जे नीट उठतं ते घरातल्या प्रत्येकाचं पाठ ठेव — आजीचा अंगठा थकला असला तरी तिची अनामिका अजून तरतरीत असू शकते.

१२. मशीनची काचही पुसायला सांग. आपल्याआधी शंभर जणांनी बोटं ठेवलेली असतात, दोष मात्र आपल्या बोटाला.

१३. बोट हरलं तर बुबुळ, नाहीतर ओटीपी, नाहीतर चेहरा, जे त्या ठिकाणी चालतं ते माग. दुकानदार 'सिस्टीम घेत नाही' म्हणाला की शांतपणे म्हण, 'मग नोंद करा की ठसा उमटला नाही' — नोंद करायची म्हटल्यावर दुसरी वाट बऱ्याचदा सापडते.

१४. ठसा जुळत नाही म्हणून हक्काचं धान्य किंवा पेन्शन अडवता येत नाही, हे ठाम लक्षात ठेव. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधारच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं या प्रश्नाची दखल घेतलीय, आणि त्याआधी २०१७ मध्ये आधार प्राधिकरणानंच अशा वेळी पर्याय द्यायला सांगितलंय — म्हणून भांडू नकोस, पण रिकामी पिशवी घेऊन घरीही येऊ नकोस.

१५. वर्षानुवर्षं ठसा उमटत नसेल तर केंद्रात जाऊन ठसे नव्यानं नोंदव. दहा वर्षांपूर्वीचं बोट आणि आजचं बोट यांत बरंच मीठ गेलेलं असतं.

१६. शेजारणीचं बोट उमटत नाही म्हणून तिच्याऐवजी तू बोट ठेवायला जाऊ नकोस, आणि तिच्यावर खेकसूही नकोस — झिजल्या बोटाला लाज नाही, लाज असलीच तर घाई करणाऱ्या रांगेला.

१७. आजीच्या हयातीच्या दाखल्यासाठी तिला नोव्हेंबरच्या उन्हात बँकेत उभी करू नकोस. 'जीवन प्रमाण' हा डिजिटल दाखला २०१४ पासून आहे, आणि २०२१ पासून घरच्या मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो दाखला निघतो — फक्त खिडकीकडे तोंड करून बसव, पाठीमागून उजेड नको, आणि पापणी मिटायची म्हटली की ती मुद्दाम हसते, तेवढं सांभाळ.

पैशाची गोष्ट आता. खेड्यापाड्यांत, पाड्यांवर बँक लांब असते, म्हणून आधार नंबर, बँकेचं नाव आणि ठसा एवढ्यावर पैसे काढायची सोय आहे. कार्ड नको, पिन नको. सोय खरंच चांगली आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. पण नीट बघ, यात तीन गोष्टी लागतात. नंबर झेरॉक्सवरून मिळतो. बँक अंदाजानंही सापडते. राहतो ठसा. तो भामट्यांनी जमिनीच्या दस्तांवरून उचलला. दस्तांच्या प्रतींवरचे अंगठे घेऊन त्यांची रबरी नक्कल करायची, अशी प्रकरणं हरियाणा, तेलंगण या राज्यांत पोलिसांनी पकडली आहेत. कुठे त्यातून खाती रिकामी केली, कुठे सिमकार्डं चालू केली. त्यानंतर २०२३ मध्ये आधार प्राधिकरणानं बोट जिवंत आहे की नकली, ते ओळखणारी तपासणी आणली. तरीही आपण आपलं दार लावायचंच.

१८. ठशांना कुलूप लाव. आधारच्या ॲपमध्ये किंवा संकेतस्थळावर 'बायोमेट्रिक लॉक' आहे, पैसे लागत नाहीत — रात्री गॅसचा रेग्युलेटर बंद करतोस तशी सवय लावून घे, तुझ्या बायकोलाही सांग.

१९. कुलूप लावल्यावर तुझंही बोट चालणार नाही, हे विसरू नकोस. रेशनला जायच्या आधी थोड्या वेळापुरतं उघड. ते आपोआप पुन्हा लागतं — ओटीपीची कामं मात्र कुलूप असतानाही होतात.

२०. ज्यांचं महिन्याचं रेशन आणि पैसे दोन्ही अंगठ्यावर चालतात आणि घरी मोबाइल वापरणारं कुणी नाही, त्यांना उगाच कुलूप लावून देऊ नकोस. त्यांच्या खात्यात फक्त लागतील तेवढेच पैसे ठेवायला सांग, बाकीचे दुसऱ्या खात्यात किंवा मुदत ठेवीत.

२१. आधारची झेरॉक्स द्यायचीच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेली प्रत दे. नाक्यावरच्या लॉजला, भाड्याच्या एजंटला, जिमला शेवटचे चार आकडे पुरतात — पुरत नसतील तर त्यांना आधारच का हवं, ते विचार. दुसरं ओळखपत्र चालतं का, तेही.

२२. झेरॉक्सवर आडवं लिही: कशासाठी, कुणाला, कुठल्या तारखेला. अक्षर वाईट असलं तरी चालेल, तुझं आहेच तसं.

२३. जमिनीचा किंवा फ्लॅटचा दस्त करताना ठसा द्यावाच लागतो, ते टळत नाही. पण त्या दस्ताच्या रंगीत प्रती दलालांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू देऊ नकोस — आपल्या पट्ट्यात जमिनीला भाव आला, म्हणजे अंगठ्यालाही आला.

२४. सिमकार्ड घेताना पोरगा म्हणाला, 'उमटला नाही, परत ठेवा,' तर आधी स्क्रीन बघ. खरंच 'अयशस्वी' दिसतंय का? — पहिल्या ठशावर तुझं सिम आणि दुसऱ्यावर तुझ्याच नावाचं भलत्याचं सिम, अशी ही जुनी हातचलाखी आहे. दोनदा दाबलं, एकदा फसलं.

२५. सरकारच्या 'संचार साथी' संकेतस्थळावर अधूनमधून बघत जा की तुझ्या नावावर किती नंबर चालू आहेत. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथेच कळव — त्या नंबरावरून कुणी कुणाला लुबाडलं, तर पोलीस आधी तुझं दार वाजवतील.

२६. आधारच्या संकेतस्थळावर गेल्या सहा महिन्यांत तुझी ओळख कुठे कुठे पडताळली गेली, त्याची यादी मिळते. दिवाळीचा आणि होळीचा हिशेब मांडतोस ना, त्याच दिवशी हीपण काढ.

२७. घरी येऊन, गल्लीत टेबल टाकून, 'योजनेचं केवायसी, फक्त अंगठा द्या' म्हणणाऱ्याला चहा दे, अंगठा देऊ नकोस. कुठल्या कार्यालयाचा, कुठली योजना, पावती काय, हे विचारल्यावर तो चहाही अर्धा टाकून उठला, तर समजून जा.

२८. पैसे गेलेच तर रडायला नंतर वेळ काढ. आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन, मग बँकेला लेखी, मग ठशांना कुलूप — रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांत चूक तुझी नसेल आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलंस, तर नुकसान तुझ्या माथी येत नाही.

घरातलं थोडं, भराभर.

२९. फोनचा ठसा बहुतेक फोनमध्येच राहतो, बँकेला जात नाही. पण त्या फोनमध्ये ज्याचं ज्याचं बोट नोंदवलंय, त्याच्यासाठी तुझी बँकही उघडते — म्हणून प्रेमापोटी सगळ्या घराची बोटं नोंदवू नकोस.

३०. स्वस्त फोनचं चेहऱ्याचं कुलूप कधी कधी फोटोनंही उघडतं. पैशाच्या ॲपला वेगळा पिन ठेव.

३१. पाच वर्षांखालच्या लेकराचे ठसे घेतच नाहीत. ते पाचव्या वर्षी आणि पुन्हा पंधराव्या वर्षी नोंदवायचे असतात. पाच ते सात आणि पंधरा ते सतरा या वयात हे फुकट होतं — परीक्षेच्या आदल्या आठवड्यात केंद्रावर रांग लावणाऱ्यांत तुझं नाव नको.

३२. आवाजही आता ओळखीत मोजतात आणि त्याची नक्कलही होते. 'आत्या, अपघात झालाय, पैसे पाठव' असा तुझ्या आवाजात फोन आला, तर मी आपल्या कुत्र्याचं नाव विचारणार. वाईट वाटून घेऊ नकोस.

३३. विमानतळावर चेहरा बघून आत सोडणारी 'डिजियात्रा' ऐच्छिक आहे. मुंबई-पुण्याला २०२३ पासून आहे, रांग वाचते. नको वाटलं तर ओळखपत्राची रांग असतेच.

राहिला तो दुसरा प्रश्न, 'हा कोण?' यावर लोक फार कमी विचार करतात. गोव्यात वास्कोच्या एका शाळेत २०१३ मध्ये लहान मुलीवर अत्याचार झाला. तपास सीबीआयकडे गेला, आणि सापडलेले ठसे आधारच्या साठ्यात शोधून द्या, अशी मागणी झाली. गोव्यातल्या उच्च न्यायालयानं त्या वाटेनं पाऊल टाकलं, तेव्हा आधार प्राधिकरणच सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यांचं म्हणणं, हा साठा गुन्हे शोधायला बांधलेला नाही, असा शोध घेतला तर निरपराध माणसंही जाळ्यात येतील. २४ मार्च २०१४ रोजी न्यायालयानं सांगितलं की माणसाच्या संमतीशिवाय ही माहिती कुणाला देऊ नका. गुन्हा इतका संतापजनक होता की मलाही आधी वाटलं असतं, द्या ना शोधून. पण हिशेब कर: समज हजारात एकदाच चुकणारं मशीन आहे आणि पन्नास हजार चेहरे त्याच्यासमोरून गेले, तर पन्नास जण उगाचच ठाण्यात. अमेरिकेत डेट्रॉइटजवळ २०२० च्या जानेवारीत एका माणसाला बायकामुलांसमोर घराबाहेरूनच धरून नेलं, कारण कॅमेऱ्याला त्याचा चेहरा चोरासारखा वाटला. तो चोर नव्हता.

३४. महाराष्ट्र पोलिसांकडे 'ॲम्बिस' आहे. त्यात बोटं, तळहात, चेहरा, बुबुळ सगळं एकत्र ठेवून शोधता येतं. मशीननं तुझं नाव काढलं म्हणून गोंधळून काहीबाही बोलू नकोस — त्या वेळी तू कुठे होतास याचा साधा पुरावा, टोलची पावती किंवा ऑफिसची हजेरी, जास्त बोलतो.

३५. २०२२ च्या कायद्यानं अटक झालेल्याची मापं आणि ठसे घेता येतात, आणि ते पंचाहत्तर वर्षं ठेवता येतात. मिरवणुकीत मित्रांच्या नादानं हाणामारीत उभा राहू नकोस — रात्र एक, नोंद पंचाहत्तर वर्षांची.

३६. पण आधी शिक्षा झालेली नसेल आणि खटल्याशिवाय सुटका झाली किंवा निर्दोष ठरलास, तर सगळी अपिलं संपल्यावर ती नोंद नष्ट करायची तरतूदही त्याच कायद्यात आहे, न्यायालयानं वेगळं सांगितलं नसेल तर. वकिलाला तेवढं लेखी मागायला सांग. आपणहून कुणी आठवण ठेवत नाही.

३७. सोसायटीनं गेटला चेहऱ्याचं मशीन बसवायचं काढलं, तर सभेला जा. माहिती कुठे राहते, कोण बघतं, भाडेकरू गेल्यावर पुसतात का, हे तीन प्रश्न इतिवृत्तात लिहून घे — आणि ज्यांना नको त्यांना कार्ड किंवा चावी हवी, हेही.

३८. कामवाल्या मावशींचा, दूधवाल्याचा चेहरा त्यांना न विचारता नोंदवू देऊ नकोस. त्यांच्या 'हो'ला नोकरी जायची भीती चिकटलेली असते.

३९. २०२३ च्या माहिती-संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तो टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. त्यात संमतीची सूचना मराठीतही मिळायची सोय आहे, तेव्हा बारीक इंग्रजी पुढे केलं की 'मराठीत द्या' म्हण — निदान वाचायला तरी वेळ मिळतो.

४०. नोकरी सोडताना पगाराची स्लिप, अनुभवाचं पत्र मागतोस, तसंच हजेरीच्या मशीनमधून बोट आणि चेहरा काढून टाकल्याचं एका ओळीचं ईमेलही माग. एचआरची मुलगी चमकून बघेल, बघू दे.

बाकी रविवारी आलास की आजीचा फोन बघ. तिच्या आधारला अजून जुनाच नंबर आहे, जो मागे तूच हरवलास.